पिंग येतंय पण डेटा नाही: नेटवर्कवरचं सिरीयल डिव्हाइस परत परत अडकतं तेव्हा काय बघायचं

सिरीयल डिव्हाइस, म्हणजे वायरवरून एकामागून एक बिट पाठवणारं यंत्र, नेटवर्कवर घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे भोगलंय. सगळं नीट चालू असतं, दोन दिवस, चार दिवस काही नाही, आणि मग एकदम डेटा बंद. कन्व्हर्टरला, म्हणजे सिरीयल वायर नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याला, पिंग केलं (आहेस का असं नेटवर्कवरून विचारलं) तर उत्तर येतं, दिवे लागलेले असतात, वेब पान पण उघडतं, फक्त सॉफ्टवेअरला रीडिंग मिळत नाही. मग कुणीतरी जाऊन डब्याचा पॉवर काढतो, परत लावतो, लगेच चालू होतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. तीन दिवसांनी परत तेच.

मी हेच काम करतो, आरएस-२३२ आणि आरएस-४८५ (सिरीयल वायरचे दोन प्रकार) वाली जुनी यंत्रं इथरनेटवर आणायची आणि ती चालती ठेवायची, आणि माझं ठाम मत झालंय की ह्या प्रॉब्लेममध्ये पॉवर काढणं हीच सगळ्यात महाग चूक आहे, कारण पॉवर काढला की पुरावा गेला. कन्व्हर्टरच्या मेमरीत त्या क्षणी सगळं असतं, कोण जोडलेलं आहे, किती बाइट गेले, किती आले, किती खराब आले, आणि रिस्टार्ट केलं की हे सगळं शून्य. म्हणून पॉवरला हात लावायच्या आधी एक गोष्ट बघा, त्या पोर्टवर आत्ता कोण बसलंय. दुरुस्ती पण ह्याच प्रश्नापासून सुरू होते आणि सुरक्षा पण, आणि दोन्हीचं उत्तर बहुतेक वेळा कन्व्हर्टरच्या एकाच पानावर लिहिलेलं असतं.

कन्व्हर्टरच्या वेब पानावर मॉनिटर किंवा स्टेटस असा भाग असतो, नाव कंपनीप्रमाणे बदलतं. त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, पोर्टला जोडलेला आयपी पत्ता. दुसरी, टीएक्स आणि आरएक्सचे आकडे, म्हणजे सिरीयल बाजूला किती बाइट पाठवले आणि तिकडून किती आले. तिसरी, एररचे आकडे, फ्रेम, पॅरिटी, ओव्हररन, म्हणजे किती बाइट खराब आले किंवा हरवले. पान उघडा, मोबाइलवर फोटो काढा, तीस सेकंद थांबा, पान रिफ्रेश करा, परत फोटो काढा. दोन फोटोतला फरक बघितला की निम्मं काम झालं, खरंच सांगतो, केबल बदलत बसण्यापेक्षा हे तीस सेकंद जास्त उपयोगाचे आहेत.

आता फोटोत काय दिसतंय त्यावरून पुढे जायचं.

आयपी जुना आहे किंवा जो कंप्युटर कधीच बंद झालाय त्याचा आहे

हा सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार. सिरीयल वायरला कनेक्शन ही गोष्टच माहीत नसते, वायर जोडली म्हणजे जोडली. टीसीपीला, म्हणजे नेटवर्कवर डेटा ज्या पद्धतीने जातो तिला, मात्र कनेक्शन असतं, आणि ते दोन्ही टोकांना वेगवेगळं लक्षात ठेवलेलं असतं. कंप्युटर हँग झाला, कुणी लॅपटॉप झाकण बंद करून घेऊन गेलं, मधल्या फायरवॉलने बराच वेळ गप्प बसलेलं कनेक्शन विसरून टाकलं, तर एका टोकाला कनेक्शन संपलं आणि दुसऱ्या टोकाला ते अजून जिवंत आहे. ह्याला हाफ ओपन म्हणतात. कन्व्हर्टरचं पोर्ट साधारणपणे एकाच कनेक्शनला परवानगी देतं, त्यामुळे तो मेलेल्या कनेक्शनला धरून बसतो आणि तुमचं नवीन कनेक्शन एकतर नाकारतो किंवा घेतो आणि डेटाच देत नाही.

आता कुणी विचारेल की टीसीपीला दुसरं टोक गेलेलं कळत कसं नाही. तर कळतं, पण पाठवायला काही असेल तरच. पाठवलं, पोच आली नाही, परत पाठवलं, असं होऊन शेवटी तो सोडून देतो. पण मॉडबससारख्या (यंत्रांची प्रश्नोत्तरांची भाषा) प्रकारात यंत्र स्वतःहून बोलतच नाही, विचारलं तरच उत्तर देतं. विचारणारा गेला म्हणजे यंत्र गप्प, यंत्र गप्प म्हणजे कन्व्हर्टरकडे नेटवर्कवर पाठवायला काही नाही, आणि पाठवायला काही नाही म्हणजे पलीकडचा मेलाय हे त्याला कधीच कळणार नाही. उलट जो वजनकाटा सेकंदाला दहा वेळा स्वतःहून वजन पाठवत असतो त्याच्या बाबतीत हा प्रॉब्लेम सहसा येत नाही, आलाच तर काही मिनिटांत आपोआप जातो.

ह्यावर उपाय कीपअलाइव्ह. कन्व्हर्टरमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह किंवा टीसीपी अलाइव्ह चेक अशा नावाचं सेटिंग असतं, ते एक ते दोन मिनिटांवर ठेवा. डिफॉल्टवर विसंबू नका. लिनक्समध्ये डिफॉल्ट कीपअलाइव्हची वेळ ७२०० सेकंद आहे, म्हणजे दोन तास काहीच होत नाही, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारून बघतो, सगळं मिळून २ तास ११ मिनिटं. आणि कीपअलाइव्ह तरी चालू आहे का हे प्रोग्रामवर अवलंबून, प्रोग्रामने मागितलं नसेल तर ते चालूच नसतं. तुमच्याकडे जर लाइन बंद पडून साधारण सव्वादोन तासांनी आपोआप सुरू होत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा, तिथेच उत्तर आहे.

इथे एक चूक फार लोक करतात. कीपअलाइव्हच्या शेजारीच इनअ‍ॅक्टिव्हिटी टाइमआउट नावाचं सेटिंग असतं आणि दोन्ही सारखेच वाटतात. सारखे नाहीत. कीपअलाइव्ह पलीकडचा जिवंत आहे का ते विचारतं. इनअ‍ॅक्टिव्हिटी टाइमआउट डेटा आला नाही की कनेक्शन सरळ तोडतं, पलीकडचा जिवंत असला तरी. दिवसातून दोनदाच बोलणारं यंत्र असेल आणि तुम्ही तिथे पाच मिनिटं टाकली तर एक प्रॉब्लेम घालवायला गेलात आणि दुसरा घेऊन आलात.

आणि दुसरी चूक, जी मला जास्त टोचते. पोर्ट अडकतंय म्हणून लोक कनेक्शनची संख्या एकवरून चार करतात. चालू होतं, हो. पण आता त्या पोर्टवर चार जण बसू शकतात, सिरीयलकडून आलेला प्रत्येक बाइट चौघांनाही जातो आणि चौघंही त्याच वायरवर लिहू शकतात. दोन मास्टर (प्रश्न विचारणारे) एकाच वेळी आरएस-४८५ वर विचारायला लागले की एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं, आणि हा गोंधळ शोधायला आठवडा जातो. शिवाय जो चौथा बसलाय तो कोण हे कुणीच बघत नाही. अडकलेलं दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यातला हा प्रकार आहे.

आयपी ओळखीचाच नाही

हे दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवा.

एका ठिकाणी आठवड्यातून एकदा, नेहमी एकाच रात्री, लाइन बंद पडायची. त्याच नेटवर्कवर एका पोर्टला लेबल प्रिंटर होता आणि सकाळी त्याच्या तोंडातून एक पट्टी बाहेर आलेली असायची. पट्टीवर इंग्रजीत ‘गेट’, मग एक तिरकी रेघ, मग ‘एचटीटीपी’ आणि आकडा, आणि खाली दोन ओळी नुसती चिन्हं. सगळे म्हणायचे प्रिंटर बिघडलाय. प्रिंटर अगदी व्यवस्थित होता, त्याला जे पाठवलं तेच त्याने छापलं होतं. ब्राउझर वेबसाइटला जी पहिली ओळ पाठवतो तीच ओळ होती ती. म्हणजे कुणीतरी त्या पोर्टला वेब सर्व्हर समजून विचारत होतं.

शोधल्यावर कळलं की नेटवर्कच्या टीमने सुरक्षा तपासणीचं स्कॅनिंग लावलं होतं, दर आठवड्याला, रात्री. स्कॅनर काय करतो, प्रत्येक उघडं पोर्ट सापडलं की तिथे काय चालतंय ते ओळखायला वेगवेगळे प्रश्न पाठवून बघतो. वेब सर्व्हरला ते प्रश्न कळतात. पण कच्चं टीसीपी पोर्ट असलेला कन्व्हर्टर तो प्रश्न जसाच्या तसा सिरीयल वायरवर ढकलतो. प्रिंटरने छापलं, मीटरने कचरा म्हणून टाकून दिलं, आणि एका कंट्रोलरला त्यातलं काहीतरी कमांडसारखं वाटून तो अडकला. एनमॅप नावाच्या स्कॅनरमध्ये व्हर्जन ओळखताना ९१०० नंबरचं टीसीपी पोर्ट मुळातच वगळलेलं आहे, कारण त्या पोर्टवरचे प्रिंटर काहीही आलं तर छापत बसतात. पण तुमचा कन्व्हर्टर ९१०० वर नसतो, तो ४००१ वर असेल, १०००१ वर असेल, २३ वर असेल, त्यामुळे त्याला ही सूट मिळत नाही.

स्कॅनच्या यादीतून ते पत्ते वगळून घेतले, प्रॉब्लेम थांबला. पण मला त्यात जास्त महत्त्वाचं हे वाटतं की स्कॅनर जर सहज तिथे पोचून प्रिंटरला छापायला लावू शकला, तर त्या नेटवर्कवरचा कुणीही कंट्रोलरला कमांड देऊ शकत होता, आणि इतके दिवस तो दरवाजा सताड उघडा होता. बिघाड झाला म्हणून कळलं एवढंच. म्हणून फक्त स्कॅन वगळून थांबू नका, कन्व्हर्टरमध्ये परवानगी असलेल्या आयपीची यादी असते, अ‍ॅक्सेसिबल आयपी किंवा तसंच काहीतरी नाव, ती चालू करा आणि ज्या एकदोन सर्व्हरला खरंच बोलायचंय तेवढेच पत्ते टाका. ही यादी भरताना स्वतःच्या कंप्युटरचा पत्ता आधी टाका, नाहीतर सेव्ह केल्या केल्या तुम्हीच बाहेर पडाल आणि मग रिसेट बटण दाबायला शिडी लावून वर चढावं लागेल.

आयपी बरोबर आहे, पण टीएक्स जागचा हलत नाही

हा प्रकार क्वचित येतो पण आला की माणसं हैराण होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉडबसवरचे तापमान सेन्सर होते, आरएस-४८५ लाइन, एक कन्व्हर्टर. लाइन रोज साधारण दुपारच्या आधी मरायची, पॉवर काढून लावला की चालू. रात्री कधीच नाही. सगळ्यांना वाटलं जवळची मोठी मोटर सुरू होते तेव्हा नॉइज येत असणार, आणि ते वाटणं अगदी साहजिक होतं. केबल शील्डवाली टाकली, टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) बघितलं, ग्राउंड बघितलं, शेवटी कन्व्हर्टरच बदलला, जुन्याची कॉन्फिगरेशन फाइल नव्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी परत बंद.

मग मी सॉफ्टवेअरचा लॉग काढून प्रत्येक वेळी शेवटचं बरोबर रीडिंग काय होतं ते एकाखाली एक लिहिलं. २७.४. २७.४. २७.४. परत २७.४. म्हणजे २७.५ झालं की लाइन मरते. सेन्सर तापमान दहाने गुणून पाठवतो, म्हणजे २७.५ चे २७५. मॉडबसचा रजिस्टर दोन बाइटचा, २७५ म्हणजे २५६ अधिक १९, म्हणून पहिला बाइट १ आणि दुसरा बाइट १९.

आणि १९ हा आकडा सिरीयलमध्ये साधा नाही. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलमध्ये, म्हणजे डेटाच्या वायरवरूनच थांब-चालू सांगायच्या पद्धतीत, १९ म्हणजे एक्सऑफ, थांब. १७ म्हणजे एक्सऑन, चालू कर. कीबोर्डवर कंट्रोल एस दाबल्यावर टर्मिनल गोठतं आणि कंट्रोल क्यू दाबल्यावर सुटतं ते ह्याच दोन आकड्यांमुळे. त्या कन्व्हर्टरच्या पोर्टवर पूर्वी दुसरं काहीतरी जोडलेलं होतं आणि त्याच्यासाठी एक्सऑन एक्सऑफ चालू ठेवलेलं होतं. सेन्सरने २७.५ पाठवलं, कन्व्हर्टरने त्यातला १९ हा तापमानाचा भाग न समजता ‘थांब’ समजला, तो बाइट गिळला आणि पाठवणं बंद केलं. आता परत चालू व्हायला समोरून १७ यायला हवा, पण मास्टरचा प्रश्नच वायरवर जात नाही म्हणजे सेन्सर बोलणार नाही, सेन्सर बोलणार नाही म्हणजे १७ येणार नाही. कायमचं कुलूप. टीएक्सचा आकडा म्हणूनच गोठलेला होता, आणि नवीन कन्व्हर्टरमध्ये पण तेच झालं कारण सेटिंग जुन्या फाइलमधून सोबत आलं.

फ्लो कंट्रोल नन केलं आणि त्या दिवशी सेन्सर पहिल्यांदा २७.५ च्या पुढे गेला. मी समोर उभा राहून बघत होतो, २७.४, २७.५, २७.६. काय बरं वाटलं.

तर ज्या प्रोटोकॉलमध्ये बाइनरी डेटा जातो तिथे एक्सऑन एक्सऑफ कधीही चालू ठेवू नका. १९ हा बाइट रीडिंगमध्येच येतो असं नाही, मॉडबसमध्ये १९ नंबरचा स्लेव्ह (उत्तर देणारं यंत्र) असेल तर त्याच्या प्रत्येक उत्तराचा पहिला बाइटच १९ असतो, आणि शेवटच्या सीआरसीच्या (मेसेज बरोबर आला का ते तपासायचा आकडा) दोन बाइटमध्ये तर कधीही येऊ शकतो, त्यामुळे बऱ्याचदा नमुना इतका स्वच्छ दिसत नाही, नुसतंच अधूनमधून बंद पडतंय असं वाटतं. टीएक्स गोठलाय आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल (आरटीएस, सीटीएस ह्या वेगळ्या वायरवरून थांब-चालू सांगणं) लावलेलं आहे असं दिसलं तर सीटीएसची वायर बघा, तीन वायरच्या केबलवर आरटीएस सीटीएस चालू ठेवलं की कन्व्हर्टर न येणाऱ्या परवानगीची वाट बघत बसतो.

टीएक्स वाढतोय, आरएक्स थांबलाय

नेटवर्क निर्दोष. प्रश्न वायरवर जातोय, उत्तर येत नाहीये. यंत्र बंद आहे, वायर सुटलीय, आरएस-४८५ च्या ए आणि बी ह्या दोन वायर उलट्या आहेत. ए बी बाबत सांगतो, सगळ्या कंपन्या ही अक्षरं एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे अक्षर जुळवून वायर लावली आणि चाललं नाही तर उलटं करून बघा, काही जळत नाही. आरएस-२३२ असेल तर टीएक्स आणि आरएक्स क्रॉस हवेत का सरळ ते बघा. आणि डब्याची बाजू तपासायची असेल तर आरएस-२३२ च्या नऊ पिनी कनेक्टरवर पिन २ आणि ३ एका छोट्या तारेने जोडा, पाठवलेलं परत आलं पाहिजे, आलं तर डबा चांगला आहे आणि पुढचं शोधकाम केबल आणि यंत्रापुरतं उरलं.

दोन्ही वाढतायत पण सॉफ्टवेअर एरर दाखवतं

फ्रेम एररचा आकडा वाढतोय म्हणजे बॉड रेट (वायरवरचा स्पीड), पॅरिटी, स्टॉप बिट ह्यात दोन्ही टोकांना फरक. पण सेटिंग रोज बरोबर असतं आणि मधेच बिघडतं असं असेल तर आरएफसी २२१७ आठवा. १९९७ सालची ही पद्धत लांबच्या कंप्युटरला टेलनेटवरून (लांबून लॉगइन करायची जुनी सोय) पोर्टचा बॉड रेट बदलू देते, व्हर्च्युअल कॉम पोर्टचे ड्रायव्हर पण तेच काम आपापल्या पद्धतीने करतात. म्हणजे कुणीतरी चाचणीसाठी ते पोर्ट दुसऱ्या स्पीडने उघडलं की तुमचं ९६०० गेलं. परत तोच प्रश्न, कोण बसलं होतं.

लाइन लांब असेल आणि एरर तुरळक असतील तर मग वायरिंग. आरएस-४८५ ला दोन्ही टोकांना १२० ओमचं टर्मिनेशन, मधे कुठेही नाही, आणि लाइनची रचना एकामागून एक अशी, फांद्या फुटलेल्या नकोत. ग्राउंडची तिसरी वायर टाका. दोनच वायर लागतात असं म्हणतात खरं, पण दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये जास्त फरक पडला की रिसीव्हर झेपेल त्या मर्यादेच्या बाहेर जातो, उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढीच ती मर्यादा आहे.

फ्रेम एरर शून्य आहे आणि तरी मॉडबसचं सॉफ्टवेअर सीआरसी चुकलं म्हणतंय असं असेल तर वायरिंगला हात लावू नका, ती वेळेची भानगड आहे. मॉडबस आरटीयूमध्ये (सिरीयल वायरवरचा मॉडबस) मेसेज संपला हे शांततेवरून ओळखतात, साडेतीन कॅरेक्टर एवढी शांतता, ९६०० ला ती साधारण ४ मिलिसेकंद होते. सिरीयल वायरवर हे जमतं. पण कन्व्हर्टर तेच बाइट टीसीपीतून पाठवतो तेव्हा एक उत्तर दोन पॅकेटमध्ये तुटून येऊ शकतं, मधे नेटवर्कने २० मिलिसेकंद लावले तर सॉफ्टवेअरला वाटतं मेसेज संपला, अर्धाच मेसेज घेऊन तो सीआरसी काढतो आणि अर्थातच चुकतो. कन्व्हर्टरमध्ये पॅकेट कधी पाठवायचं ह्याचं सेटिंग असतं, फोर्स ट्रान्समिट किंवा पॅकिंग टाइमआउट, ते असं ठेवा की पूर्ण उत्तर एकत्र जाईल, आणि सॉफ्टवेअरचा टाइमआउट वाढवा. त्याहून बरं म्हणजे कन्व्हर्टर मॉडबस गेटवे असेल तर त्याला मॉडबस टीसीपीवर घ्या, तिथे लांबी मेसेजमध्येच लिहिलेली असते, शांतता मोजायची गरजच नाही. यूएसबी टू सिरीयल केबल वापरत असाल तर एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर (डेटा किती वेळ धरून ठेवायचा ते) डिफॉल्ट १६ मिलिसेकंद असतो तो पण बघा.

कन्सोल पोर्ट, ह्याबद्दल वेगळं बोलायलाच हवं

राउटर, स्विच, सर्व्हर ह्यांचे कन्सोल पोर्ट (सेटिंग करायचे सिरीयल पोर्ट) कन्सोल सर्व्हरला (अशी बरीच पोर्ट नेटवर्कवर आणणारा डबा) जोडून लांबून उघडायची सोय असते, आणि ह्यातला धोका मला सगळ्यात मोठा वाटतो कारण तो दिसत नाही. तुम्ही टीसीपीने जोडलात, राउटरला पासवर्ड दिला, काम केलं आणि लॉगआउट न करता खिडकी बंद केली. टीसीपी कनेक्शन संपलं. पण राउटरला ते कळलंच नाही, त्याच्या मते केबल तशीच जोडलेली आहे आणि माणूस तसाच समोर बसलाय. पुढचा जो कुणी त्या टीसीपी पोर्टला जोडेल त्याला पासवर्ड विचारलाच जात नाही, थेट आत.

हे फक्त थिअरीत नाही. २०१३ मध्ये एच. डी. मूर ह्या सुरक्षा संशोधकाने इंटरनेटवरचे सिरीयल सर्व्हर शोधले तेव्हा एक लाखाहून जास्त पत्ते सापडले, आणि तेरा हजारांहून जास्त सिरीयल पोर्ट असे होते जिथे पासवर्ड न देताच यंत्रावर हुकूम चालवता येत होता. त्यामागचं एक मोठं कारण हेच, मागच्या माणसाने सोडलेलं उघडं सेशन.

उपाय दोन्ही टोकांना करायचा. यंत्राच्या बाजूला आपोआप लॉगआउट ठेवा. सिस्को आयओएसमध्ये कन्सोलवर एक्झेक टाइमआउट मुळात १० मिनिटं असतो, पण काम करताना सारखं बाहेर फेकतंय म्हणून लोक तो शून्य शून्य करतात आणि मग तसाच राहतो, तो परत १० वर आणा. कन्व्हर्टरच्या बाजूला टीसीपी तुटलं की डीटीआर लाइन (समोर कुणी जोडलेलं आहे हे सांगणारी वायर) पाडायचं सेटिंग असतं ते चालू करा, आणि यंत्राला डीटीआर पडल्यावर सेशन संपवायला सांगता येत असेल तर तसं सांगा, केबलमध्ये ती वायर आहे ना हे पण बघा.

दार लावताना

टेलनेट आणि साधं एचटीटीपी बंद करा, एसएसएच आणि एचटीटीपीएस ठेवा. डिफॉल्ट पासवर्ड बदला, आणि कन्व्हर्टर आल्या आल्या बदला, बसवून झाल्यावर कुणी बदलत नाही. एसएनएमपी (नेटवर्कवरून यंत्रांवर नजर ठेवायची सोय) वापरत नसाल तर बंद, वापरत असाल तर पब्लिक आणि प्रायव्हेट ही डिफॉल्ट नावं काढा. सिरीयल डिव्हाइसचं वेगळं व्हीएलएएन (त्याच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) करा. इंटरनेटवरून पोर्ट फॉरवर्ड करून कधीही उघडू नका, व्हीपीएनमधून या. मॉडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही, १९७९ साली तो आला तेव्हा वायरच्या टोकाशी उभा राहणारा माणूस आपलाच असायचा, त्यामुळे ५०२ नंबरच्या पोर्टपर्यंत जो पोचला तो मालक.

फर्मवेअरकडे, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे, दुर्लक्ष करू नका. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये वीज कंपन्यांवर हल्ला झाला, साधारण सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, आणि हल्लेखोरांनी ब्रेकर उघडून झाल्यावर सबस्टेशनमधल्या सिरीयल टू इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर खराब करून टाकलं. म्हणजे कंट्रोल रूममधून ब्रेकर परत लावायचा रस्ताच तोडला. माणसांना प्रत्यक्ष जाऊन हाताने ब्रेकर लावावे लागले. आपण ज्याला साधा डबा समजतो तो डबा त्या दिवशी मुद्दाम निवडून मारला होता. तर अपग्रेडचं पान फक्त ठरावीक कंप्युटरवरूनच उघडेल असं ठेवा, कन्व्हर्टर जुना असून कंपनीने फर्मवेअर देणं बंद केलं असेल तर बदलायचं नियोजन करा, आणि कॉन्फिगरेशनची एक प्रत बाहेर ठेवा, पण परत टाकताना प्रत्येक सेटिंग वाचून टाका, वरची २७.५ ची गोष्ट त्याच फाइलमुळे लांबली.

आणि एनक्रिप्शन चालू केल्यावर येणारा एक प्रॉब्लेम. टीएलएस (एनक्रिप्शनचा) मोड चालू केला, सर्टिफिकेट टाकलं, महिनाभर सुरळीत. मग वीज जाऊन आली आणि कनेक्शन होईना, सर्टिफिकेट चालत नाही असा एरर. सर्टिफिकेट तेच, मुदत शिल्लक. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, पॉवर गेला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि त्या तारखेला तुमचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून तो नाकारतो. लोक इथे वैतागून टीएलएस बंद करून कच्च्या टीसीपीवर परत येतात. तसं करू नका, आतल्याच नेटवर्कवर एक एनटीपी (बरोबर वेळ देणारा) सर्व्हर द्या, त्याचं नाव न टाकता आयपी टाका म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सोय) उठेपर्यंत थांबावं लागणार नाही, आणि त्या व्हीएलएएनमधून १२३ नंबरचं यूडीपी पोर्ट त्या सर्व्हरपर्यंत उघडं आहे का ते फायरवॉलमध्ये बघा, कारण व्हीएलएएन वेगळं करताना आपण बाकी सगळं बंद केलेलं असतं आणि त्यात नेमकं हेच राहून जातं.